दे दान सुटे गिराण: रँबो, व्हेर्लेन आणि एक खग्रास सिनेमा

लंडन, ३ जुलै १८७३. कॅम्डन भागातल्या रॉयल कॉलेज स्ट्रीटवरच्या आठ नंबरच्या घराकडे एक दाढीवाला, टक्कल पडत चाललेला माणूस बाजारातून परत येतोय. एका हातात हेरिंग मासा, दुसऱ्या हातात तेलाची बाटली. वय २९. वरच्या खिडकीत १८ वर्षांचा पोरगा उभा आहे. तो खाली बघतो आणि खो खो हसत सुटतो. ‘काय बावळट दिसतोयस तो मासा घेऊन!’ (मूळ फ्रेंच शब्द ‘बावळट’पेक्षा बराच खालचा आहे.) माणूस भडकतो, सामान भरतो आणि बेल्जियमला जाणाऱ्या बोटीत जाऊन बसतो.

बरोबर एका आठवड्याने त्याने त्याच पोरावर गोळी झाडली.

आता, माशावरून कोणी गोळी झाडत नाही. भांडण दीडेक वर्ष शिजत होतं. पण पोल व्हेर्लेन आणि आर्थर रँबो या दोन फ्रेंच कवींचं प्रकरण समजून घ्यायचं तर या माशापासून सुरुवात केलेली बरी. थोरवी वगैरे नंतर पाहू. आधी हा पिशवीविना बाजाराला गेलेला कवी आणि त्याला हसणारा दुसरा कवी डोळ्यांसमोर ठेवा. अग्निएश्का हॉलंड या पोलिश दिग्दर्शिकेच्या ‘टोटल इक्लिप्स’ या १९९५ च्या सिनेमातही हा प्रसंग आहे, आणि त्यातल्या बऱ्याच आरडाओरड्यापेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

पटकथा क्रिस्टोफर हॅम्प्टनची, त्याच्याच नाटकावरून. नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात १९६८ मध्ये आलं होतं. सिनेमात रँबो झालाय लिओनार्दो दिकॅप्रिओ, तेव्हा जेमतेम विशीचा. व्हेर्लेन झालाय डेव्हिड थ्यूलिस. समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं, तिकीटबारीवरही तो आपटला. आज लोक तो पाहतात ते बहुतेक दिकॅप्रिओपायी, आणि पाहून झाल्यावर विचारतात, की हे दोघं एवढे थोर होते तर सगळा वेळ पितात, भांडतात आणि बायकोला छळतात का? प्रश्न रास्त आहे. उत्तर सिनेमात सापडत नाही, म्हणून हा खटाटोप.

एक बारीकसं आधीच सांगून टाकतो. उच्चार ‘रँबो’, शेवटचा ‘द’ मुका. बंदुका घेऊन धावणारा तो रॅम्बो वेगळा. अर्थात या गोष्टीतही पिस्तूल आहे, आणि पुढे बंदुकांचा व्यापारही आहे.

आता माणसं. व्हेर्लेन १८४४ चा, पॅरिसच्या महापालिकेत कारकुनी करणारा, दोन-तीन संग्रह नावावर असलेला कवी. १८७० च्या ऑगस्टमध्ये त्याने माथिल्ड मोते या १७ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये कम्यूनचं, म्हणजे शहर ताब्यात घेतलेल्या क्रांतिकारी सरकारचं, बंड झालं. त्या काळात हा नोकरीवर राहिला, कम्यूनच्या कचेरीत वर्तमानपत्रांचं काम पाहिलं. बंड रक्तात बुडवलं गेल्यावर नोकरी गेली आणि बिऱ्हाड सासऱ्याच्या घरी आलं. घरजावई, बेकार, दारुडा, आणि बायको पोटुशी. अशा वेळी शार्लव्हिल नावाच्या आडगावाहून एका अनोळखी पोराचं पत्र येतं, सोबत कविता. व्हेर्लेन उलट टपाली लिहितो, ‘या, थोर प्रिय आत्म्या, तुम्हाला बोलावणं आहे, तुमची वाट पाहतायत.’ सप्टेंबर १८७१ मध्ये तो थोर आत्मा, म्हणजे रँबो, मळके कपडे आणि केसांत उवा घेऊन सासरवाडीत दाखल झाला. १७ पूर्ण व्हायला महिनाभर होता. बाप लष्करात कॅप्टन, मुलगा सहा वर्षांचा असताना घर सोडून गेलेला. आई कडक, शेतकरी घरातली, पैशाला घट्ट. शाळेत हा पहिला नंबर काढणारा आणि घरातून वारंवार पळून जाणारा.

सामानात त्याने ‘मद्यधुंद नाव’ आणली होती. शंभर ओळींची, चार-चार ओळींच्या पंचवीस कडव्यांची कविता. गंमत अशी की तोवर पोराने समुद्र पाहिलेलाच नव्हता.

ही कविता एवढी महत्त्वाची का? त्या काळी बोटीवर कविता लिहायची म्हणजे कवी काठावर उभा राहणार, ‘माझं जीवन या नावेसारखं’ म्हणणार आणि उसासा टाकणार. इथे काठावर कोणी नाहीच. नावच बोलते, ‘मी’ म्हणून. तिला दोरखंडांनी ओढणारे मारले जातात, सुकाणू निसटतं, आणि ती समुद्रभर वाटेल तशी वाहत जाते. सडणारा अजस्र जलराक्षस, वीज, हिरवी रात्र आणि तिच्यातला बर्फ, सगळं पाहत. उपमेतला ‘सारखं’ हा शब्दच त्याने काढून टाकला. कवी आणि नाव यांच्यामध्ये काही उरलं नाही.

यामागे त्याचा एक विचार होता. मे १८७१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने तो मांडलाय. एक पत्र त्याच्या शिक्षकाला, दुसरं एका कवीला. कवीने द्रष्टा व्हायला हवं, आणि त्यासाठी सगळ्या इंद्रियांची घडी विस्कटायला हवी, दीर्घकाळ आणि विचारपूर्वक. ‘विचारपूर्वक’ हा शब्द लोक विसरतात, सिनेमाही विसरतो. पोराला नुसतं झिंगायचं नव्हतं, तो स्वतःवर प्रयोग करत होता. आपल्याकडचा द्रष्टा तप करून, इंद्रियं आवरून पाहतो. याने उलटी वाट धरली.

त्याच पत्रांत त्याचं ते गाजलेलं व्याकरणभंगाचं वाक्य आहे. फ्रेंचमध्ये ‘मी’बरोबर क्रियापदाचं एक रूप येतं, ‘तो’बरोबर दुसरं. रँबोने ‘मी’ला ‘तो’चं रूप जोडलं. मराठीत ‘मी दुसराच कोणी आहे’ असं भाषांतर केलं की मजा जाते, कारण आपल्याकडे ‘मी आहे’ आणि ‘तो आहे’ यात फरकच नाही. भूतकाळात नेलं तर कानाला खडा लागतो: ‘मी दुसराच कोणी होता.’ होतो नव्हे, होता. मास्तर लाल शाईने खूण करतील अशी चूक, आणि तीच मुद्द्याची. लिहिणारा मी हा मला परका आहे, मी त्याच्याकडे बाहेरून बघतोय, एवढं सगळं त्या एका चुकीत बसलंय.

व्हेर्लेनची करामत वेगळी, कानाची. फ्रेंच कवितेचं पाठीचं हाड म्हणजे बारा अक्षरांची ओळ, मधोमध थांबा. शाळेतल्या पोरापासून राजकवीपर्यंत सगळे त्यात लिहायचे. व्हेर्लेनला विषम आकडे आवडायचे. पाच, सात, नऊ, अकरा. विषम ओळ कानाला पूर्ण वाटत नाही, किंचित लंगडते, हवेत राहते. ‘सगळ्यांत आधी संगीत, आणि त्यासाठी विषम निवडा,’ असं त्याने पुढे तुरुंगात बसून लिहिलं, तेही नऊ अक्षरांच्या ओळीत.

त्याची सगळ्यांत ओळखीची ओळ अशी वाजते: ‘इल प्लर दाँ मों कर, कॉम इल प्ल स्युर ला व्हिल.’ प्लर म्हणजे रडणं, प्ल म्हणजे पाऊस पडणं. दोन्ही जवळजवळ एकाच आवाजाचे. फ्रेंचमध्ये पाऊस ‘पडतो’ तेव्हा त्याला कर्ता नसतो, रडण्याला मात्र कोणीतरी रडणारा लागतो. व्हेर्लेनने रडण्यालाही पावसाचं व्याकरण दिलं आणि रडणारा माणूस गायब केला. फ्रेंच वाचक यावर चमकला. मराठी माणूस चमकणार नाही, कारण आपण रोजच म्हणतो, रडू येतं. पाऊस येतो तसं. ‘मनात रडू येतंय, शहरावर पाऊस येतोय तसं.’ त्याने मोडतोड करून जे मिळवलं ते आपल्याकडे स्वयंपाकघरात बोललं जातं. भाषांतर करताना क्वचितच असा आयता फायदा होतो.

आणि या कवितेच्या डोक्यावर पावसाबद्दलची एक ओळ आहे, खाली नाव रँबोचं. या दोघांच्या संबंधांचा खरा पुरावा मला या असल्या जागी दिसतो. थोरल्याला धाकट्याने धीट केलं, धाकट्याने थोरल्याकडून ओळ हलकी करायला शिकून घेतली. रँबोच्या १८७२ मधल्या गाण्यांसारख्या छोट्या कविता व्हेर्लेनच्या संगतीशिवाय झाल्या असत्या असं मला वाटत नाही. सिनेमात मात्र कविता जवळजवळ ऐकूच येत नाहीत. शिवाय दिकॅप्रिओ अमेरिकन इंग्रजीत बोलतो आणि थ्यूलिस ब्रिटिश इंग्रजीत, त्यामुळे दोघं एकाच भाषेचे कवी आहेत हेच मुळात पटत नाही. गवयांवर सिनेमा काढायचा आणि गाणं कापायचं, तसं झालंय.

हे सगळं चालायचं कशावर?

सिनेमाच्या नावाचा अर्थ खग्रास ग्रहण. मला त्यावरून लहानपणी ग्रहणाच्या वेळी गल्लीतून येणारी आरोळी आठवते, ‘दे दान सुटे गिराण!’ या गोष्टीत दान देणारा सुरुवातीपासून एकच होता. व्हेर्लेन. त्याच्याकडेही स्वतःचं फार नव्हतं. विधवा आईची शिल्लक होती, आणि ती माउली एकुलत्या एका लेकासाठी पुन्हा पुन्हा पिशवी सैल करत होती. पॅरिसमधली रँबोची खोली, अ‍ॅब्सिंथ नावाची ती हिरवी कडक दारू, बोटीची तिकिटं, लंडनचं भाडं, यातलं बरंचसं तिच्या पैशातून निघालं. लंडनमध्ये दोघांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन फ्रेंचच्या शिकवण्याही केल्या. रँबो ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसायचा, तिथे शाई आणि ऊब फुकट होती. सभासद होताना त्याने वय २१ लिहिलं. होतं १८.

पैशाखेरीजची किंमत मात्र माथिल्डने मोजली, आणि तिच्याकडे कवितेचे चाहते आजही नीट बघत नाहीत. ३० ऑक्टोबर १८७१ ला मुलगा झाला, जॉर्ज. जानेवारीत नवऱ्याने त्या अडीच महिन्यांच्या बाळाला भिंतीकडे भिरकावलं आणि हिचा गळा धरला. तिचे वडील तिला घेऊन दूर गेले. पुढे जुलै १८७२ मध्ये व्हेर्लेन रँबोबरोबर ब्रसेल्सला पळाला, तेव्हा ही आईला सोबत घेऊन त्याला आणायला गेली. त्याचं मन वळवलं, गाडीत बसवलं. सरहद्दीवरच्या किएव्ह्रँ स्टेशनवर तपासणीसाठी सगळ्यांना खाली उतरायचं होतं. तो उतरला आणि परत चढलाच नाही. गाडी पॅरिसला निघाली तेव्हा तिचं वय १९ होतं.

सिनेमात रोमान बोरँजेने ही माथिल्ड केलीय. चांगली केलीय, पण कॅमेरा तिच्याकडे ‘अडसर’ म्हणूनच पाहतो. खऱ्या माथिल्डने १८७४ मध्ये कायदेशीर फारकत मिळवली, आणि फ्रान्समध्ये घटस्फोटाचा कायदा परत आल्यावर १८८५ मध्ये घटस्फोटही. दुसरं लग्न केलं, आठवणी लिहिल्या. त्या छापल्या गेल्या १९३५ मध्ये, ती गेल्यानंतर वीसेक वर्षांनी. शंभर पानं रँबोवरची वाचणाऱ्याने दहा पानं तिची वाचावीत असं मी आग्रहाने सांगेन.

गोळी आणि न्यायाधीश

मासा घेऊन निघालेला व्हेर्लेन ब्रसेल्सला पोचला आणि चहूकडे पत्रं पाठवू लागला, की बायको आली नाही तर मी जीव देणार. एक पत्र रँबोच्या आईलाही गेलं. त्या कडक बाईने उत्तर लिहिलं ते मला या सगळ्या कागदपत्रांत फार शहाणं वाटतं: दुःखाने पिचल्यावर जीव देणं हा भ्याडपणा आहे, धीर धरा. सिनेमातल्या खाष्ट आईवरून असं पत्र येईल असं वाटत नाही. रँबोनेही आधी ‘परत ये, परत ये’ म्हणून गयावया केली आणि मग स्वतःच ब्रसेल्सला गेला. माथिल्ड आली नाही. व्हेर्लेनची आई आली होती.

१० जुलैला सकाळी व्हेर्लेनने एका दुकानातून सात मिलिमीटरचं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. रँबोने विचारलं कशासाठी, तर म्हणाला, ‘तुझ्यासाठी, माझ्यासाठी, सगळ्यांसाठी.’ दुपारी हॉटेलच्या खोलीत रँबो म्हणाला मी पॅरिसला चाललो, आणि याने दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या डाव्या मनगटात घुसली. मग तिघं मिळून, आईसकट, दवाखान्यात गेले, पट्टी बांधून घेतली आणि पोराला स्टेशनवर सोडायला निघाले! वाटेत व्हेर्लेनचा हात पुन्हा खिशाकडे गेला. रँबो धावत पोलिसाकडे गेला. हे रिव्हॉल्व्हर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना गेलं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. सिनेमा पाहून वाटतं की दोघांच्या समलैंगिक संबंधांबद्दल शिक्षा झाली. कायद्याने तसं नव्हतं. फ्रान्सने तो गुन्हा १७९१ मध्येच रद्द केला होता आणि बेल्जियमचा कायदाही त्याच वळणाचा होता. गुन्हा होता जखमी केल्याचा. पण न्यायदंडाधिकाऱ्याने व्हेर्लेनची अत्यंत अपमानास्पद वैद्यकीय तपासणी करायला लावली, पत्रं वाचली, आणि कम्यूनमधल्या कामाचा डागही अंगावर होताच. रँबोने १९ जुलैला तक्रार मागे घेतली. त्याने काही होत नसतं. खटला सरकारचा असतो. ८ ऑगस्टला निकाल आला: दोन वर्षं कैद आणि २०० फ्रँक दंड. कायद्याच्या पुस्तकात नसलेला गुन्हा शिक्षेच्या वजनात कसा मिसळला जातो, याचं हे चांगलं उदाहरण आहे. गंमत म्हणजे सिनेमात न्यायाधीशाच्या खुर्चीत पटकथाकार हॅम्प्टन स्वतः बसलाय.

व्हेर्लेन बेल्जियममधल्या मॉन्सच्या तुरुंगात भाविक कॅथलिक झाला. सुटल्यावर १८७५ मध्ये श्टुटगार्टला जाऊन रँबोला भेटला, देवाच्या गोष्टी सांगू लागला. रँबोने टिंगल केली. पण निघताना आपल्या गद्यकवितांचं बाड त्याच्या हाती दिलं, पुढे ते ‘इल्युमिनेशन्स’ म्हणून छापलं गेलं. फ्रेंचमधल्या मुक्तछंदाच्या पहिल्या नमुन्यांत त्यातल्या दोन कविता धरतात. ती शेवटची भेट.

एडनचा मुकादम

विशी-एकविशीत रँबोने कविता सोडली. थोडेथोडके दिवस नाही, कायमची. सिनेमा शेवटी त्याला वाळवंटात दाखवतो आणि ते सगळं फार काव्यमय दिसतं. खरा रँबो ऑगस्ट १८८० मध्ये एडनला एका फ्रेंच कॉफी कंपनीत नोकरीला लागला. गोण्या, वजनं, हिशेब, उकाडा. घरी लिहिलेल्या पत्रांत कवितेचा शब्द नाही. पगार, रुपये, तांत्रिक पुस्तकांच्या याद्या आणि तक्रारी. हो, रुपयेच. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं.

आणि मराठी माणसाला एडन म्हटलं की जे नाव आठवतं तेही तेव्हा तिथेच होतं. वासुदेव बळवंत फडके १८८० पासून एडनच्या तुरुंगात होते, १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. त्या फेब्रुवारीत रँबोही एडनलाच कॉफीच्या गोण्या मोजत होता, मार्चमध्ये आजच्या इथिओपियातल्या हरारला निघाला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, मी उगाच जोडत नाही. पण नकाशावर बोट ठेवलं की काळ जवळ येतो एवढं खरं.

पुढे त्याने इथिओपियातल्याच शोआचा राजा मेनेलिक याला बंदुका विकल्या. १८८७ मध्ये कैरोहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की कमरेच्या पट्ट्यात सोळा हजारांवर फ्रँक सोन्यात बांधून हिंडतो, आठेक किलो भरतं, त्याने हगवण लागलीय. ज्याने कधी दुसऱ्याच्या पैशावर इंद्रियांची घडी विस्कटली, त्याच्या कमरेला हे ओझं. १८९१ मध्ये उजव्या गुडघ्याला गाठ झाली. हरारहून खाटल्यावर घालून किनाऱ्यावर आणलं, मार्सेयला पाय कापला, १० नोव्हेंबरला गेला. वय ३७.

तोवर पॅरिसमध्ये त्याचं नाव झालं होतं, आणि ते केलं होतं व्हेर्लेनने. मासिकांत लेख लिहून, हस्तलिखितं मिळवून, ‘शापित कवी’ अशी मालिका काढून. त्याने आपल्या म्हाताऱ्या आईवर हात उगारल्याबद्दल पुन्हा तुरुंग पाहिला, इस्पितळं पाहिली, १८९४ मध्ये ‘कवींचा राजकुमार’ म्हणून निवडून आला आणि १८९६ च्या जानेवारीत गेला.

सिनेमाची चौकट इथली आहे. रँबोची बहीण इझाबेल म्हाताऱ्या व्हेर्लेनला भेटते. तिला भावाच्या घाणेरड्या कविता नाहीशा करायच्या आहेत. नाहीशा करण्याचा हा धागा काल्पनिक प्रसंगात असला तरी वृत्तीने खरा आहे. रँबोने स्वतः छापून घेतलेलं एकच पुस्तक, ‘नरकातला एक ऋतू’. त्यात ‘वेडी कुमारिका’ आणि ‘नरकातला नवरा’ असं एक प्रकरण आहे. कुमारिका म्हणजे व्हेर्लेन, हे कोणालाही कळतं. गोळीनंतर मनगटाची जखम घेऊन त्याने ते आईच्या शेतावर पुरं केलं आणि त्याच वर्षी ब्रसेल्सच्या एका छापखान्यात दिलं. किंमत एक फ्रँक. घरच्यांनी नंतर सांगितलं की पश्चात्ताप होऊन त्याने सगळ्या प्रती जाळल्या. कित्येक वर्षं लोकांनी ते मानलं, कारण गोष्ट सुंदर होती.

१९०१ मध्ये लेओं लोसो नावाचा एक पुस्तकवेडा वकील, मॉन्सचाच, त्या छापखान्याच्या कोठारात जुने कागद चाळत होता. तिथे एक गठ्ठा निघाला. पाचशेतल्या चारशेहून जास्त प्रती, काही ओल लागून कुजलेल्या, बाकीच्या तशाच बांधलेल्या. रँबोने मोजक्या प्रती नेल्या होत्या, त्यातली एक तुरुंगातल्या व्हेर्लेनसाठी सही करून सोडली होती. उरलेल्या कोणी जाळल्या नव्हत्या. आईने सुरुवातीला उचल दिली होती, पुढचे पैसे आलेच नाहीत, आणि छापखान्याने माल अडकवून ठेवला होता.